टांग्यातलं चौथं माणूस

गुऱ्हाळाच्या चुलवाणापुढं पोरं काकवी चाटत बसली, की अण्णा आधी सगळ्यांना पाय वर घ्यायला लावतात आणि मगच हे सांगतात. ज्याच्यावर बेतलं तो शमशुद्दीन टांगेवाला त्यांच्या चांगला ओळखीचा. त्यामुळं यात खोटं काही नाही. असलंच तर घोड्याच्या वेगात थोडं असेल.

साल त्रेपन्न, पिठोरी अमावस्येची रात्र. मिरजेकडची शेवटची गाडी हातकणंगल्याला उशिरा आली आणि तिच्यातनं एकटी धोंडुबाई उतरली. बहिणीकडनं येताना दोन कोंबड्या आणलेल्या. तिची वाडी कोल्हापूरच्या वाटेवर, दीड कोसावर. वाटभर कोंबड्या ओरडत होत्या आणि धोंडुबाई त्यांच्यावर. शमशुद्दीन मुकाट हाकत होता. गेलं वर्षभर तो मुकाटच असायचा.

वाडीत टांगा थांबला तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. घरात दिवा होता. धोंडुबाईचा लेक इचलकरंजीला मागावर रात्रपाळीला, घरी सून चिमणाबाई एकटी. ती भिंतीला टेकून पोट धरून बसली होती, आणि शेजारची झुंबरबाई जवळ होती.

"आत्ती, मला पान लागलं," चिमणाबाई म्हणाली.

आपल्याकडं रात्री सापाचं नाव घेत नाहीत. साप चावला, तर पान लागलं म्हणायचं.

"भ्यायाचं कारण न्हाय," झुंबरबाई म्हणाली. "धाच्या सुमाराला, निजल्या जागी चावलं. गुंडबा येऊन गेला. लिंबाचा पाला चारला, तर हिला कडू लागला. गोड लागला तरच इख. कवड्या हाय म्हणाला, बिनविषारी. पोटात दुखतंय ते भ्यालीया म्हणून."

शमशुद्दीन दारात कोंबड्या धरून उभा होता. पाल्याचं ऐकलं आणि त्यानं कोंबड्या खाली ठेवल्या.

गेल्या वर्षी त्याची बायको नजीरा पाहुणी म्हणून याच वाडीत आली होती. तिलाही पान लागलं. हाच गुंडबा मांत्रिक, हाच पाला. "कडू लागतोय," म्हणाली नजीरा. सगळे हसले, आपापल्या घरी निजायला गेले. पहाटेच्या बांगेआधी तिचा श्वास थांबला. आणि शमशुद्दीननं रात्रीच गुंडबाला आभाराचा नारळ दिला होता. गुंडबावरचा राग एक वेळ गिळता आला असता. त्या नारळाचा गिळता येत नव्हता.

"साप कुठं हाय?" त्यानं सरळ नाव घेऊन विचारलं. बायका दचकल्या.

मारलेलं जनावर अंगणात टोपलीखाली होतं. त्यानं कंदील खाली धरला. काळं कुळकुळीत, निळसर चमक. अंगावर पांढरे बारीक पट्टे, जोडीजोडीनं. मानेपाशी एकही नाही, शेपटीकडं दाट.

नजीरा गेल्यावर तो कोल्हापूरच्या दवाखान्यात भांडायला गेला होता. कुणाशी भांडायचं हे ठाऊक नव्हतं, तरी गेला. तिथल्या डॉक्टरांनी भांडू दिलं आणि मग बाटल्यांतले दोन साप दाखवले. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडं विरतात. मण्यारीचं उलटं. मण्यार चावली तर सूज नाही, आग नाही, तोंडाची चवही जात नाही. मग पोटात कळ येते. मग पापण्या जड होतात. मग श्वास. "लस आहे आमच्याकडं," डॉक्टर म्हणाले होते. "माणूस वेळेत आणा, एवढंच."

तो आत आला. "वर बघ, पोरी."

चिमणाबाईनं मान मागं टाकली. पापण्या वर गेल्या नाहीत.

"मावशी, मण्यार हाय. हिला चालवायचं न्हाय, उचलून घ्या. कोल्हापूरला न्यायचं."

"गुंडबाला इचारल्याबिगर?"

"त्याला इचारूनच माझी नजीरा गेली."

धोंडुबाईनं सुनेच्या काखेत हात घातले. दोघी बायकांनी सुनेला मागच्या बैठकीवर ठेवलं, धोंडुबाई तिला कवळून बसली, आणि टांगा निघाला.

वाडीच्या शिवेवर मारुतीचं देऊळ. तिथं गुंडबा कंदील घेऊन वाटेतच उभा. मागं पाच-सहा गडी. बातमी टांग्याआधी पोचली होती.

"पान उतरल्याबिगर शीव ओलांडली तर इख डोक्यात चढतंय," असं म्हणत त्यानं घोड्याचा लगाम धरला. "ठावं न्हाय व्हय तुला?"

"सोड."

"कवड्या हाय त्यो. पाला कडू लागला तिला."

"नजीरालाबी लागलता."

"तुझी बायको भिऊन मेली," गुंडबा शांतपणे म्हणाला. "पाल्याचा काय दोष?"

शमशुद्दीनच्या कानशिलात रक्त ठोकायला लागलं. चाबूक मांडीशीच होता. पण एका हातात कासरा होता, आणि दुसरा हात मागं, घसरणाऱ्या चिमणाबाईच्या खांद्याला. खाली उतरून या माणसाला बडवायचं म्हटलं तरी पाच मिनिटं जाणार. तेवढे श्वास त्या पोरीकडं नव्हते. त्यानं दात आवळले. डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं.

"जाऊ दे रं, गुंडबा," धोंडुबाई म्हणाली.

"सुनेला उतरीव. मग टांगा जाईल."

गड्यांचे हात चाकावर आले.

आणि सटकन आवाज झाला.

गुंडबाचा पटका धुळीत पडला. लगाम सुटला. कंदील विझला.

सगळ्यांनी शमशुद्दीनकडं पाहिलं. ताऱ्यांच्या उजेडात दिसत होतं... त्याचे दोन्ही हात जागच्या जागी होते.

चाकावरचे हात निघाले. एकेक करून.

मग मागची पायरी करकरली. टांगा मागं झुकला. कुणीतरी चढून बसावं, तसा.

शमशुद्दीननं कासरा सोडला. घोडा सुटला.

टांगा मागं जड झाला की हाकणारा पुढं सरकतो, तरच तोल राहतो. तो पुढं सरकला. अजून सरकला. अगदी दांड्यांपाशी आला. दोन बायकांचं एवढं ओझं होत नाही.

त्यानं मागं पाहिलं नाही.

कोस गेला.

"शमशुद्दीन..."

"बोला, मावशी."

"माझ्या डाव्या अंगाला..."



"सुनेला जागी ठेवा, मावशी. झोपू देऊ नका."



"मी न्हाय ठेवत," धोंडुबाई हळू म्हणाली. "ती ठेवतीया."

...

शिरोली गेली. त्यानं एकदा तोंड उघडलं. नाव जिभेवर आलं होतं. घेतलं नाही. घेतलं आणि उत्तर आलं नाही तर? आलं तर?

पंचगंगेच्या पुलावर टांगा हलका झाला. आपोआप. तो मागं सरकून पहिल्या जागी बसला.

दवाखान्यात सव्वादोनला पोचले. डॉक्टरांनी लस दिली. श्वास मंदावला तेव्हा नर्सबाईंनी आळीपाळीनं हातांनी तो चालता ठेवला, उजाडेपर्यंत आणि पुढचा दिवसभर. तिसऱ्या दिवशी चिमणाबाईनं डोळे उघडले आणि कोंबड्यांना कुणी दाणे घातले का, म्हणून विचारलं.

गुंडबानं गावभर सांगितलं, की टांगेवाल्यानं मला मारलं. डाव्या गालावर पाच बोटं उठली होती, दाखवायला पुरावा होता. आठवड्यानं लाली गेली. पण पिराजी न्हाव्याचा वस्तरा तेव्हापासून त्या पाच जागी अडेना. तिथं दाढी उगवलीच नाही. भोवतीनं खुंट, मधे पाच गुळगुळीत पट्ट्या.

महिन्यानं शमशुद्दीन चिमणाबाईला सोडायला वाडीत आला, तेव्हा गुंडबा पिराजीपुढं साबण लावून बसलेला. शमशुद्दीन टांग्यातनं उतरला आणि सरळ त्याच्यासमोर आला. हात वर केला. पिराजीनं वस्तरा मागं घेतला, गुंडबानं डोळे मिटले.

शमशुद्दीननं मारलं नाही. बोटानं साबण पुसला आणि आपला पंजा त्या गालाजवळ, न टेकवता, नुसता धरला. कितीतरी वेळ.

खूण त्याच्या पंजापेक्षा दोन पेरं लहान होती.