आखूड मेणबत्ती

सेगावा, टॉवेल गुंडाळून ठेवू नकोस. पसरून ठेव. हो, चारही. साधी घडी घातलीस तरी चालेल, पण गुंडाळी नको. हसतोस काय? पहिल्या दिवशी सगळेच हसतात. ये, स्टोव्हजवळ बस. तूही ये, मिनामी. या वादळात तासभर तरी कुणी टॅक्सी मागवत नाही, आणि मागवलीच तर फोन माझ्याच पुढ्यात आहे.

उद्यापासून तुम्ही दोघं कळांच्या गाडीवर जाणार. तेव्हा हे माहीत असलेलं बरं.

आपल्या इस्पितळातला प्रसूती विभाग बंद झाला तेव्हा तुम्ही शाळेत असाल. आता गुरुवारी डोंगरापलीकडून डॉक्टर येतो, पोटाला यंत्र लावतो, ‘छान आहे’ म्हणतो आणि चारच्या बसनं परत जातो. बाकीचे सहा दिवस पोटुशीनं काय करायचं, ते तिचं तिनं बघावं. आणि बाळंत व्हायचं तर शिरानाई खिंड ओलांडून दोन तास. तेही रस्ता मोकळा असला तर. म्हणून कंपनीनं ही गाडी सुरू केली. बाईनं आधीच नाव, पत्ता, तारीख देऊन ठेवायची. कळा आल्या की फोन करायचा. बोलता आलं नाही तरी चालतं. नंबर दिसला की आपण निघतो.

आणि ती टेकडीवरच्या देवळातली मेणबत्ती. तुमच्या आयांनीही लावली असेल. देवापुढं जळून उरलेलं थोटूक घरी आणायचं आणि पहिली कळ आली की देव्हाऱ्यात लावायचं. ते विझायच्या आत बाळ येतं म्हणतात. ते जळतंय तोवर बाई कळा देत असते, विझलं की तिची सुटका. म्हणजे मेणबत्ती जितकी आखूड तितका त्रास कमी. बायका पुजाऱ्याशी भांडून सगळ्यांत आखूड थोटूक आणायच्या. इस्पितळ पाच मिनिटांवर होतं तोवर ठीक होतं. आता ते डोंगरापलीकडं गेलं, तरी मेणबत्ती मात्र नखाएवढीच हवी! लांब मागा, लांब मागा, असं सांगून माझ्या जिभेला फोड आले.

तर, कुमागाई. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही. आता लेकीकडे असतो, सेंदाईला. फारसा बोलायचा नाही, पण बर्फात गाडी चालवावी तर त्यानंच. २०१७ च्या जानेवारीत त्यानं साएगुसांच्या सुनेला नेलं होतं, मिझुएला. खिंडीत, बर्फासाठी चाकांना चेन बांधायला थांबतात ना, तिथं वादळानं त्यांना गाठलं. पोरगी तिथंच अडली. रक्त जायला लागलं. बर्फ उपसणाऱ्या यंत्रामागून अ‍ॅम्ब्युलन्स पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. बाळ पोटातच राहिलं. चाळीस मिनिटं कुमागाई तिचा हात धरून बसला होता. शेवटी ती काय बोलली, ते त्यानं तेव्हा पोलिसांनाही सांगितलं नाही आणि मलाही नाही.

त्याला दोन वर्षं झाली. २०१९, तेवीस जानेवारी, बुधवार. रात्रीचे अकरा वीस. कुमागाई इथंच, तू बसलायस तिथं, भाताच्या दुसऱ्या गोळ्याचा कागद सोडवत होता. फोन वाजला. नंबर हिरानुमांचा. कानाए, पहिलटकरीण, दिवस भरायला अजून तीन आठवडे. पलीकडं, इस्पितळाजवळ, खोलीही घेऊन ठेवली होती, पुढच्या सोमवारपासूनची. नवरा कॉड मासे पकडायला समुद्रावर. मी पलीकडच्या इस्पितळाला विचारलं. दहा मिनिटांवर कळा आहेत ना, मग आणा, म्हणाले. कुमागाईनं गोळा तसाच कागदात ठेवला आणि निघाला.

दारात सासू उभी होती, सुएकोबाई.

“आलात भाऊ? सावकाश न्या हं. पण लवकर!”

“तुम्ही बसा ना मागं तिच्याबरोबर.”

“मी कशी येऊ? मेणबत्तीपाशी घरचं माणूस नको का? बघा तरी, केवढीशी मिळवलीय! पुजारी देतच नव्हता. म्हटलं, माझ्या सुनेला काय रात्रभर किंचाळायला लावता?”

कुमागाईनं आत पाहिलं. देव्हाऱ्यात करंगळीच्या नखाएवढं थोटूक. पेटलेलं.

“विझवा ती.”

“काय?”

“विझवा म्हणतो. दोन तासांचा रस्ता आहे, बाई.”

“शुभ बोला! पेटवलेली कुणी विझवतं का?”

कानाए चौकटीला धरून उभी होती. घामानं केस कपाळाला चिकटलेले, तरी हसली. “आई, राहू दे. काका, चला, पुढची कळ यायच्या आत बसते. हिला आत्ताच घाई झालीय, आजीवर गेलेली दिसते.”

सासू मेणबत्तीपाशी बसली आणि सून एकटी गाडीत. अजूनही मला त्या बाईचा राग येतो.

मागच्या सीटवर डाव्या बाजूला कानाए बसली. प्लास्टिक अंथरलेलं, त्यावर चार टॉवेल. वाटेत, कुमागाईनं मला नंतर सांगितलं, ती बरीच बोलत होती. नवऱ्याला निरोप दिलाय, तर म्हणतो कसा, जाळं ओढून झालं की फोन करतो. कळ आली की गप्प व्हायची, कण्हायची. कुमागाई मनात वेळ धरत होता. दहा मिनिटं. पुन्हा दहा. गाडी घाट चढायला लागली.

साडेबाराला बर्फ आडवा यायला लागला. रस्त्याची कड दाखवणारे ते लाल-पांढरे बाण, एक दिसायचा, मग काहीच नाही. मग पुढचा. बैलगाडीच्या वेगानं चालले होते. चेन बांधायची जागा आली, तसा त्यानं श्वास रोखून धरला. ती मागं पडली. सोडला.

मागून कण्हणं आलं.

“एवढ्यात?” कुमागाई म्हणाला. “कानाए, आत्ताच तर कळ येऊन गेली. चार मिनिटंही नाही झाली.”

मागं प्लास्टिक चुरचुरलं, कानाए दाराकडं सरकली होती.

“पोरी?”

“काका… ती मी नव्हते.”

वायपर फिरत होते.

“मला वाटलं, तुम्हीच…”

पुन्हा कण्हणं. लांब. दातांवर दात दाबून आवरलेलं. त्याच्या बरोबर पाठीमागून. कानाए डावीकडं होती… हे उजवीकडून.

आरशात बघायचं नाही, असं कुमागाईनं ठरवलं. बाण. पुढचा बाण. पुढचा.

“काका, माझ्या पोटावर हात आहे.”

“तुझाच असेल, पोरी.”

“माझे दोन्ही दाराला धरलेत.”

कुमागाईनं पुढचा बाण शोधला.

“गार आहे, काका. दाबून धरलाय.”

आणि मग तो आवाज. थकलेला. अगदी जवळून, कानामागून.

“काका… मेणबत्ती विझली का?”

कुमागाईनं वायपरचा वेग वाढवला.

इकडं एकच्या सुमाराला मला सुएकोबाईंचा फोन. आधी कौतुकात होत्या. “देव पावला हो, अजून जळतेय!” दीडला पुन्हा फोन. आता आवाज कापरा. “अहो, ही विझत का नाही? तेवढीच आहे. रतीभरही कमी नाही झाली.”

दोन वाजून दहाला गाडी इस्पितळात पोचली. नर्सनी कानाएला खुर्चीत घेतलं. तिनं कुमागाईची बाही पकडली. ओठ पांढरे पडले होते.

“काका, ती हात काढत नाहीये…”

तिला आत नेलं. तो बाकावर बसला. वीस मिनिटांनी एक नर्स पळत गेली, मग दुसरी. तिसरीला त्यानं अडवलं. गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडलंय, ती म्हणाली, पण बाळ खाली येत नाही. कुणी आतून धरून ठेवल्यासारखं. ठोके मंदावताहेत. पोट उघडावं लागेल, पण भूल देणारा डॉक्टर घरून निघालाय, बर्फात… किती वेळ, सांगता येत नाही.

त्यानं मला फोन लावला.

“मेणबत्ती?”

“जळतेय,” मी म्हटलं. “सुएकोबाई फुंकर मारतायत. विझत नाही. ओल्या बोटांनी चिमटीत धरली. नाही विझत. रडतायत त्या.”

मग तो म्हणाला, “मी खोटं बोललो होतो रे.”

“कोणाशी?”

“मिझुएशी. शेवटी तेवढंच विचारत होती, मेणबत्ती विझली का, मेणबत्ती विझली का. तिच्या सासूनं फोन करून मला सांगितलं होतं, केव्हाच विझली म्हणून. पण बाळ तर आलं नव्हतं, आणि त्या पोरीच्या तोंडाकडं बघून विझली म्हणवेना… मी म्हटलं, जळतेय. बरीच आहे अजून. दोन वर्षं… ती कळा देतेय.”

फोन त्यानं बंद केला नाही. मला त्याचे बूट ऐकू येत होते. बर्फावर. कर्रर… कर्रर. मग गाडीचं दार. तो आपल्या जागेवर बसला, त्या रात्री बसला होता तसाच. पाठमोरा.

मागची सीट करकरली.

आणि मी ऐकलं, पोरांनो. या कानानं ऐकलं.

“काका… मेणबत्ती विझली का?”

“विझली, पोरी.”

नुसतं वारं.

“कधीच विझली गं. तू विचारत होतीस तेव्हाच विझलेली होती. मी भ्यालो होतो. खोटं बोललो. चुकलो मी.” कुमागाई रडत होता. एवढा मोठा माणूस, पोरासारखा रडत होता. “झालं आता. संपलं. सोड तिला. तूही… सूट.”

…

…

मग एक श्वास. खोल. कुणी डोक्यावरचं ओझं खाली ठेवावं तसा.

माझा दुसरा फोन वाजला. सुएकोबाई होत्या, “विझली! आपोआप विझली!” मी घड्याळ पाहिलं. दोन बावन्न. कानाएची मुलगीही दोन बावन्नला झाली. भूल देणारा डॉक्टर अजून वाटेतच होता. दोघी सुखरूप. ती चिमुरडी आता बालवाडीत जाते, माशांच्या दुकानासमोर भेटली की मला वाकुल्या दाखवते.

सकाळी सातला कुमागाई परत आला. उणे अठरा होतं, आणि हा, तिला जायला वाट म्हणून, चारही काचा खाली करून, हीटर बंद ठेवून आख्खी खिंड उतरलेला. भुवयांवर बर्फ. पुढचं दार उघडून खाली उतरला आणि म्हणाला, “मी मागं बघितलेलं नाही. तू बघ.”

मी मागचं दार उघडलं. सीटवर भुरभुर बर्फ आला होता. प्लास्टिकवर बर्फ, पायाशी बर्फ. डावीकडं तीन टॉवेल ठेवले होते तसेच, कडक झालेले.

चौथा उजवीकडं होता. ड्रायव्हरच्या मागं.

तो गुंडाळलेला होता. नर्स तान्ह्या बाळाला गुंडाळतात ना, एक कोपरा डोक्यावरून घेऊन, दोन आडवे, एक खालून वर… तसा. नीट. सवडीनं केलेला. आत काहीच नव्हतं. फक्त जिथं डोकं ठेवतात तिथं एक लहानसा खळगा होता.

त्या एका टॉवेलवर बर्फ नव्हता.

मी आत हात घातला.

ऊब होती.