चढावर घसरणारा क्लच

वीज गेली तशी पुतण्यांनी गच्चीवर काकांना घेरलं. काका म्हणाले, “ऐकीव नाही रे. माझ्या मित्रावरच गुदरलेली. गॅरेजवाला तो. एकदा धरलं की सोडायचा नाही, म्हणून सगळे त्याला पक्कड म्हणायचे.”

गेल्या थंडीतली, अमावास्येच्या आदल्या रात्रीची ही गोष्ट. पक्कडची धाकटी बहीण टेकडीपलीकडच्या वस्तीत, सासरी. पहिलं बाळंतपण, दिवस भरलेले. कळा सुरू झाल्या की नर्सबाईंना मागे बसवून न्यायचं, असं त्यानं कबूल केलं होतं. आणि नेमका त्याच दिवशी त्याच्या मोटरसायकलचा क्लच घसरू लागला. इंजिन बोंबलतंय, चाक रांगतंय! गॅरेजातल्या बाकी गाड्या तर पोटं उघडी टाकून पडलेल्या.

सकाळपासून त्याच्या नाकी नऊ आले. क्लचच्या लिव्हरची तार जास्त ताणलीय का पाहिलं. ढिलाई बरोबर होती. झाकण उघडलं, झिजलेल्या प्लेटी काढल्या, नव्या प्लेटी तेलात मुरवून बसवल्या. स्प्रिंगा बदलल्या. टेकडीच्या पहिल्या चढावर नेली, तर पुन्हा तेच!

घरापाशी परत तपासणी. पुढचा ब्रेक आवळला, वरचा गिअर टाकला, लिव्हर सोडला. इंजिन गप्पकन बंद.

“म्हणजे क्लच धरतोय की मेला!” त्यानं पाना आपटला.

बायको दारातून म्हणाली, “शिव्यांनी गाडी पळते होय?”

“मग काय आरती ओवाळू तिची?”

“ओवाळा. तेवढंच राहिलंय.”

रात्री साडेनऊला मेव्हण्याचा फोन आला. “दादा, कळा सुरू झाल्या. ॲम्ब्युलन्स दुसरीकडे गेलीय. लवकर या हो!”

त्यानं नर्सबाईंना बसवलं आणि देवाचं नाव घेऊन निघाला. सपाटीला गाडी शहाण्यासारखी चालली. चढ लागला… इंजिनाचा आवाज वाढला. वेग मात्र मंदावला. गाडी थांबली.

“बाई, जरा उतरा. वजन कमी झालं तर चढेल.”

बाई उतरल्या. त्यानं पुन्हा गिअर टाकला. गाडी जागची हलेना. तो उतरून ढकलू लागला, तर मागचा भाग जड. टॉर्च मारला. मागचे शॉकॲब्सॉर्बर दबलेले. सीटवर कुणी नाही… तरी दबलेले.

त्याचा संताप उफाळला. “तिकडे माझी बहीण तळमळतेय! कोण बसलंय मागं?”



वारा नाही. रातकिडे गप्प.

नर्सबाईंनी हात जोडले. “माझ्या आधीच्या नर्स, म्हाताऱ्या आक्का, याच चढावर वारल्या. बाळंतपणालाच निघाल्या होत्या. बाळंतिणीपर्यंत पोचल्याच नाहीत.”

“मग मी काय करू?”

“रागावू नका. त्यांना पोचायचंय.” बाई रिकाम्या सीटकडे वळल्या. “आक्का, चला. मुलगी वाट बघतेय. आपण तिघंही जाऊ. पण गाडीला चढू द्या…”



मग सीट किंचित चरचरली. कुणी पुढे सरकून जागा करून द्यावी तशी.

बाई मागे बसल्या. पक्कडनं लिव्हर सोडला. क्लचनं धरलं. घट्ट! त्याच्या पाठीला कुणाचा तरी गारवा टेकला होता. बाईंचा नव्हे. बाई मागून “चला, चला” म्हणत होत्या. त्यानं मागे पाहिलं नाही.

वस्तीत पोचले. बाळ आडवं होतं, पण नर्सबाईंचा हात त्या रात्री कधी नव्हे इतका स्थिर चालला. पहाटे रडणं ऐकू आलं. आई आणि लेकरू, दोघंही सुखरूप. पक्कड उंबऱ्यात बसून लहान मुलासारखा रडला.

“आणि क्लच?” धाकट्या पुतण्यानं विचारलं.

“परत कधी घसरला नाही. पण घसरला का, ते कळल्याशिवाय पक्कडला चैन पडेल का? दुसऱ्या दिवशी त्यानं झाकण उघडलं. मी शेजारी उभा होतो रे…”

काका थांबले. पोरं आणखी जवळ सरकली.

“प्लेटी नव्या कोऱ्या. आणि त्यांच्याभोवती गुंडाळलेला बाईमाणसाचा एक केस. पांढरा. हातभर लांब. सगळं तेलात बुडालेलं होतं… आणि तो केस कोरडा होता.”