शिंप्याची ओ

नागरिक दलाच्या इतिहासाची पुस्तिका लिहायचं काम नातीनं हौसेनं अंगावर घेतलं होतं. म्हणून एका दुपारी ती आजोबांना दलाच्या जुन्या कवायतखान्यात घेऊन गेली. आजोबा पेशानं शिंपी; दलातले तेवढेच हयात.

दल म्हणजे आठवडाभर दुकानं सांभाळून रविवारी बंदूक उचलणारी माणसं. हजेरी नावानं नाही, धंद्यानं पुकारत. कुणाला दुकान सोडता आलं नाही, तर शेजारचा त्याच्यासाठी ओ देई. पुराच्या संध्याकाळी दल पुलावर पहाऱ्याला गेलं आणि पुलासकट वाहून गेलं. तिथल्या कपाटात सापडलेल्या त्या दिवशीच्या हजेरीच्या वहीत शिंपीही हजर होता.

मग तुम्ही वाचलात कसे, असं तिनं विचारलं. घाबरून घरात बसलो होतो, पाववाल्यानं माझी ओ दिली, असं आजोबा भिंतीकडे बघत म्हणाले. वही मात्र मोठ्यानं वाचू नकोस, एवढं त्यांनी बजावलं. म्हाताऱ्यांचं हे नेहमीचंच, सांगायचं काही नाही आणि मना करायचं सगळं. तिनं मुद्दाम खणखणीत पुकारलं, “घड्याळवाला.”

“हजर.”

दालन रिकामं होतं. ओल्या बुटांचा आवाज आला, गाळाचा वास आला. तिला थांबायचं होतं, पण जीभ ऐकेना. न्हावी. छापखानेवाला. पाववाला. एकेक ओ येत गेली, बुटांची ओळ जवळ सरकत गेली.

“शिंपी...”

आजोबांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. मग अगदी समोरून कुणीतरी दमलेल्या आवाजात म्हणालं, “किती वर्षं मीच ओ देऊ तुझी?”

आजोबांचे हात आपोआप खाली आले. ओठ हलले. तिनं त्यांची बाही घट्ट पकडली आणि त्यांच्याआधी तीच बोलून गेली.

“हजर.”

बूट वळले, दूर गेले. आजोबांनी वही तिच्या हातून ओढून मिटली. “पोरी... हे काय केलंस?” घरी पोचेपर्यंत ते एवढंच म्हणत राहिले.

नंतरचे चार दिवस ती तापानं फणफणली होती. अंथरुणातून उठली नाही. पाचव्या दिवशी मैत्रीण भेटायला आली आणि आधी तिच्यावरच चिडली. कॉलेजात रोज येतेस, हजेरीला ओ देतेस, मग माझ्याशी बोलायला काय होतं?

“मी...?”

“तूच. आणि ते केस पुसत जा गं. रोज बाकाखाली तळं साचतं.”