एक माणूस कमी

ऑफिसच्या हॉलच्या दारातून ती आत आली, वळली आणि कुणावर तरी आदळलीच. "अहो, येताना आवाज तरी करा की!"

"केला होता," तो हळूच हसला. "तुम्हाला ऐकू आला नसेल..."

तिचे प्रोग्राम तपासायला आलेला हा नवा टेस्टर असलाच विचित्र! पावलं म्हणून वाजायची नाहीत. कोपऱ्यात इतका स्तब्ध बसायचा, की हालचालीवर चालणारा दिवा त्याच्या डोक्यावर आपोआप विझायचा. मग त्या अंधारातून दोन डोळे हिच्याकडे बघत राहायचे, आणि हिच्या छातीत धडधड. भीतीची की आणखी कसली, तिचं तिलाच ठाऊक.

तिचं काम तसं सोपं. दारावरचा सेन्सर येण्या-जाण्याच्या वेळा पाठवायचा, नावं नाहीत. तिचा प्रोग्राम त्या वेळा क्रमाने लावायचा, आलेले मिळवायचा, गेलेले वजा करायचा आणि आत किती जण आहेत ते सांगायचा. पण टेस्टर आल्यापासून रोज एक माणूस कमी भरत होता.

त्या दुपारी सगळे मीटिंगला खाली गेले. बाहेर आभाळ काळंकुट्ट. हॉलमध्ये ती आणि तो, आणि स्क्रीनवर — 'आत : १'.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. मी तर इथे आहे. मग हा...? मेलं, जीव जडला तोही अशा माणसावर, जो मुळात आहे की नाही कोण जाणे!

"काय झालं?" आवाज अगदी कानाशी.

ती किंचाळलीच. "तुम्ही मोजणीत येत नाही!"

"कोडमध्ये चूक असेल."

"किंवा तुमच्यात! हात द्या बघू."

हात बर्फासारखा गार. पण मनगटाची नाडी... बापरे, तिच्याहून जोरात उडत होती!

"वेळा लावल्यावर काय करता?" त्याने चाचरत विचारलं.

"सेन्सर कधी कधी एकच नोंद दोनदा पाठवतो. म्हणून एकाच सेकंदाच्या दोन दिसल्या की एक उडवते." बोलता बोलता तिने आजची उडवलेली नोंद उघडली. एकच होती — तिच्याच येण्याच्या सेकंदाची. ती परत घातली. 'आत : २'.

तिला हायसं वाटलं. मग एकदम डोक्यात प्रकाश पडला. "रोज माझ्याच सेकंदाला येता?"

"योगायोग—"

"खरं सांगा."

"जिन्यात थांबतो," तो खाली बघत म्हणाला. "तुम्ही आलात की मागोमाग. जातानाही. बोलायचा धीरच होत नाही... तुम्ही फार आवडता मला."

"उद्यापासून जिन्यात थांबायचं नाही."

त्याचा चेहरा पडला. "बरं..."

"माझ्या घराखाली थांबायचं. आणि वेड्या, मागे नाही, शेजारून चालायचं!"