पेरूचं लाकूड अजून ओलं आहे

त्याने माझ्या थप्पीवरचं लाकूड उचललं, नाकाशी नेलं आणि डोळे मिटून वास घेतला. ना नमस्कार, ना ओळख. तिकोणा पेठेत आमच्या अंगणात येऊन लाकडाचा वास घेत उभा राहिलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. जानेवारीचं कोवळं ऊन होतं, मोटारसायकल फाटकाशी लावलेली होती.

"ठेवा ते खाली," मी हातातली कुऱ्हाड न सोडताच म्हणाले. "ओलं हाय."

त्याने डोळे उघडले. बरे होते डोळे. खोटं कशाला बोलू... फारच बरे होते.

"मी अमृत. वलवणच्या एका रिसॉर्टवर स्वयंपाकी आहे. धुरावर कोंबडी, मटण शिजवायला भट्टी बांधलीय. वखारीत मिळेल ते लाकूड लावलं, तर..."

"तर कोंबडी काळी पडली, आन् कडू झाली."

"तुम्हाला कसं कळलं?"

"ओल्या लाकडाचा धूर तसाच. मी यशोधरा. ही थप्पी माझी हाय, आबांची न्हाई. तवा काय बोलायचं ते माझ्याशी."

दिवाळीत बागेतली म्हातारी झालेली पेरूची झाडं काढली, तेव्हा आबा ती चुलीला लावायला निघाले होते. मीच अडवलं. फोडून, खाली दगड देऊन, आडवी-उभी रचली. वर पत्रा, बाजू मोकळ्या, वारा आरपार. फळझाडाचा धूर गोड असतो, तो मटणाला लागला की चव बदलते, हे मला आजीकडून ठाऊक होतं. मी दोन तुकडे एकमेकांवर आपटून दाखवले. थप्प!

"हे ओलं. वाळलं की टण्ण वाजतं. टोकांना भेगा पडत्यात, साल आपसूक सुटती. एप्रिलात या."

"एवढा वेळ? मालकीणबाई ऐकणार नाहीत."

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!"

"नवरा?" तो हसला. "पहिल्याच भेटीत?"

मी लाजले नाही. तो मात्र कानापर्यंत लाल झाला, आणि मला तो तिथेच आवडला. जाताना म्हणाला, "मंगळवारी माझी सुट्टी असते. दर मंगळवारी येऊन बघून जाईन... चालेल?"

"लाकूड बघायला कुनाची ना हाय?"

तो खरंच येऊ लागला. आम्ही मिळून थप्पी उलटीपालटी करायचो, खालची लाकडं वर, वरची खाली. तो स्वयंपाकघरातल्या गमती सांगायचा, मी त्याच्या नाजूक हातांची टिंगल करायचे. त्याच्या बोटात कुसळ गेलं तर सुईने काढून द्यायचे, आणि कुसळ निघालं तरी हात जरा उशिराच सोडायचे. होळीपर्यंत 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. आई खिडकीतून पाहायची आणि न मागता चहा पाठवायची.

मग एप्रिल आला, उन्हं तापली. एका सकाळी मी दोन तुकडे आपटले आणि ते टण्ण वाजले. साल हातात आली. लाकूड तयार होतं. लाकूड नेलं की हा कशाला येईल?

मंगळवारी त्याने विचारलं, "झालं?"

"अजून आठ दिस."

"वाजतंय की छान."

"वरून वाजतं. आत वल असती."

"तू म्हणतेस तर असेल," तो म्हणाला.

असे पाच मंगळवार गेले. दर वेळी मी आठ दिवस मागितले आणि दर वेळी त्याने ते दिले. मला लाज वाटत होती, पण मंगळवार त्याहून गोड होता.

सहाव्या मंगळवारी तो आलाच नाही. बुधवारी संध्याकाळी फोन आला.

"यशो, आता लाकूड नको. मॅडमनी वाट बघायचं सोडलं. उद्या दुपारी गवंडी येऊन भट्टी पाडणार. मला त्यांच्या गोव्याच्या हॉटेलात पाठवतायत, सोमवारी निघायचंय." मग म्हणाला, "तुझा दोष नाही. लाकूड वाळायचं तेव्हाच वाळणार."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. मी फोन ठेवला तर समोर आबा उभे.

"लाकूड कवाच वाळलंय," ते म्हणाले. "मला काय दिसत न्हाई व्हय? सकाळी पिकअप घिऊन जा."

गुरुवारी नऊ वाजता मी वलवणला पोचले. अमृत मागच्या अंगणात भट्टीजवळ बसला होता. गाडीभर पेरूचं लाकूड पाहून तो उठला.

"झालं?"

"पाच आठवड्यांमागंच झालं हुतं. मी खोटं बोलले."

त्याचा चेहरा उतरला. "पाच आठवडे? यशो, माझी भट्टी पाडतायत! का?"

"तू यायचा थांबला आस्तास म्हनून."

त्याने गाडीतलं एक लाकूड उचलून दुसऱ्यावर आपटलं. टण्ण! मागे रिसॉर्टच्या मालकीण, अनिता मॅडम, येऊन उभ्या होत्या. मी सरळ त्यांच्याकडे वळले.

"मॅडम, उशीर माझ्यामुळं झाला, ह्याच्यामुळं न्हाई. गवंडी यायच्या आत खाऊन बघा. न्हाई आवडलं तर पहिला हातोडा मी मारीन."

त्यांनी मला खालून वर पाहिलं. "दोन वाजेपर्यंत," एवढंच म्हणाल्या.

"आधी भट्टी," अमृत माझ्याकडे न बघता म्हणाला. "भांडण नंतर."

त्याने कोंबड्या मीठ-मसाला लावून टांगल्या, मी विस्तव सांभाळला. एक लाकूड, मग थांबणं, मग दुसरं. जाळ होऊ द्यायचा नाही आणि धूर कोंडूही द्यायचा नाही. धूर पातळ, निळसर निघाला. अंगणभर पिकल्या पेरूसारखा वास पसरला. चार तास आम्ही "लाकूड", "झाकण", "बास" याखेरीज बोललो नाही.

दोन वाजता अनिता मॅडमनी तांबूस कातडीचा एक तुकडा तोडला, खाल्ला, आणि दुसरा घेतला. तिसरा हातात घेऊनच त्यांनी गवंड्याला फोन लावला. "येऊ नका," त्या म्हणाल्या. मग अमृतला, "गोव्याला दुसरं कोणी जाईल."

त्या गेल्या आणि अंगणात आम्ही दोघंच उरलो.

"आता भांड," मी म्हणाले.

"राग आलाय मला. खरंच आलाय."

"येऊ दे. माझी चूक हाय."

"लाकूड झालं का, हे फोनवर विचारता येत नव्हतं मला? वीस-पंचवीस किलोमीटर दर मंगळवारी लाकडासाठी कोण येतं?" त्याचा आवाज चढला. "एप्रिलात सगळी थप्पी दिली असतीस, तरी पुढच्या मंगळवारी मी आलोच असतो, वेडे!"

मला हसूही आलं आणि डोळेही भरले. एवढी शहाणी मी, आणि एवढं साधं कळलं नव्हतं.

"पुन्हा खोटं बोलणार नाहीस?"

"न्हाई. काय बी इचार, खरं सांगते."

"मग सांग..."

"व्हय!"

"अगं, ऐकून तरी घे. भूक लागलीय का, असं विचारत होतो."

"त्याचंबी व्हय," मी म्हणाले. "आता दुसरं इचार."

त्याने काजळी लागलेला हात पँटला पुसला, माझा हात धरला, आणि विचारलं.