चिठ्ठीखालचा चौकोन

"ताई, पळत ये! माकडाच्या पोटावर ठिगळ आहे!" ढोल्या ओरडला.

सुट्टी लागली, की भिंगरी आणि तिच्या या धाकट्या भावाचा मुक्काम मावशीच्या संग्रहालयात. तिथल्या लांबलचक खणांत पेंढा भरलेली जुनी माकडं पोट वर करून निजवलेली असायची. या खणात करड्या पोटाची तीन होती आणि पांढऱ्या पोटाचं एक. त्या एकावर मावशी भलतीच खूश होती. "पोट पांढरं, म्हणजे जातच नवी!" असा लेखच लिहिला होता तिनं, आणि तो आज संध्याकाळी छापायला जायचा होता.

माकडाच्या पायाला बांधलेली चिठ्ठी पोटावर आडवी पडली होती. ढोल्यानं ती उचलून धरली. खाली करड्या केसांचा चौकोन! अगदी चिठ्ठीएवढा!

तो चौकोन बघताच भिंगरीला सगळं उमगलं. मागच्या सुट्टीत चित्र काढायला तिनंच हे माकड गुपचूप वरच्या खोलीतल्या खिडकीत नेलं होतं, आणि तिथंच विसरली होती! महिनोन्महिने ऊन लागून बिचाऱ्याचं पोट विटलं. माकड जागेवर नाही म्हणून मावशीनं शिपाईकाकांना फैलावर घेतलं, तेव्हा त्यांनीच ते शोधून, कुठं सापडलं ते न सांगता, परत ठेवलं. काकांना बोलणी बसल्याचं फोनवर ऐकूनही ही बया मूग गिळून बसली होती.

"लेख गेला तर मावशीचं हसं होईल," तिच्याकडून सगळं कळल्यावर ढोल्या म्हणाला.

"आणि सांगितलं तर माझं!"

"मग? मावशी काय खाणार आहे तुला?"

"खाल्लं तर बरं होईल रे!"

तरी ती गेली. मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. मावशीनं लेखाचे कागद बाजूला सारले.

"पण मावशी, पाठ कशी आहे त्याची?" ढोल्यानं विचारलं.

मावशी ओशाळली. "कातडं जुनं, फाटेल म्हणून मी उचललंच नाही रे. वरवर बघून लिहिलं!"

तिघांनी मिळून माकड अलगद उलटं केलं. खिडकीच्या फळीला टेकलेल्या पाठीला ऊन लागलंच नव्हतं. ती होती गडद तांबूस, आणि शेपटीचं टोक काळंभोर! बाकीच्या तिघांच्या पाठी राखाडी, शेपट्याही राखाडी!

"अगं बाई! नवी जात आहेच, फक्त मी भलतीच बाजू बघत होते!" मावशीनं दोघांना जवळ ओढलं. "शाबास रे पोरांनो! लेख नव्यानं लिहिते."

ती शाबासकी भिंगरीला टोचली. ती तडक शिपाईकाकांकडे गेली. ते कपाटाच्या काचा पुसत होते.

"काका, माकड मी नेलं होतं."

"ठाऊक आहे. तुझी पेन्सिल होती खिडकीत."

"मग मावशीला सांगितलं का नाही?"

"वाटलं, तू सांगशील."

भिंगरीला रडूच फुटलं. मागून आलेली मावशी हळूच म्हणाली, "काका, माझंही चुकलं."

काकांनी ओला फडका खांद्यावर टाकला, टेबलाच्या खणातून ती पेन्सिल काढली आणि भिंगरीच्या हातावर ठेवली.

"घे. चित्र अर्धंच राहिलंय ना? आता खणापाशीच बसून काढ."