पोळं गार पडतंय आणि ढब्बू म्हणतो, त्रुटी!

थरथरणारी मधमाशी.
"त्रुटी."
गिरणीतलं दळण.
आजोबांचा उलटा घातलेला स्वेटर.
"त्रुटी."
जुन्यांना ठाऊक नसलेली हाक.

यांचा एकमेकांशी काय संबंध? (स्वेटरचा काहीच नाही. पण तो उलटा होता.)

चंद्रावरच्या मळ्यात, काचेच्या घुमटाखाली, मधमाश्यांचं एकच पोळं होतं. त्याचा तापमापक बिघडला. केतकीच्या आजोबांनी नवा बसवला. पण तो काय सांगतो, हे पोळ्याच्या छोट्या संगणकाला कळेना. म्हणून हीटर बंद. माश्या एकमेकींना बिलगून बसल्या होत्या. कडेच्या काही खाली पडू लागल्या होत्या.

"नवा तापमापक वाचायचं पॅकेज (तयार आज्ञावलीचं गाठोडं) पाठवलं ना मी!" आजोबा ओरडले.

"त्रुटी," मळ्याचा यंत्रमानव ढब्बू म्हणाला.

"हा दुसरं काही बोलतो का गं?"

"तुम्ही दुसरं काही पाठवता का?" ढब्बू म्हणाला.

केतकी वैतागली. "आजोबा, भांडू नका! आज्ञावली इथल्या इथे का नाही तयार करत?"

"अगं, माणसाने लिहिलेली आज्ञावली म्हणजे धान्य. यंत्राला ती दळूनच द्यावी लागते. त्याला म्हणतात संकलन. हा टीचभर संगणक उद्यापर्यंत दळत बसेल. माश्या थांबतील? म्हणून माझ्या मोठ्या संगणकावर दळून आयतं पीठ पाठवलं. दोन्हीकडे लिनक्सच (संगणक चालवणारी मूळ प्रणाली)! मग अडतंय कुठे?"

"पॅकेजला मूळ ग्रंथालयाची नवी आवृत्ती हवी," ढब्बू म्हणाला. "इथे जुनी आहे. तीनदा सांगितलं."

आजोबा मटकन बसले. "हात्तिच्या! प्रत्येक लिनक्समध्ये रोजच्या कामांचं एक ग्रंथालय असतं. फाईल उघडायची, घड्याळ बघायचं, की पॅकेज त्यालाच हाक मारतं. माझ्या नव्या संगणकावर दळताना त्याने नव्या हाका उचलल्या. जुन्याला त्या कुठून कळणार?"

"आणि नव्याला जुन्या हाका कळतात?" केतकीने विचारलं.

"कळतात. नवं ग्रंथालय जुन्या हाका विसरत नाही."

केतकीने कपाळावर हात मारला. "अहो, मग जुन्या लिनक्सवर दळा ना! इथेही चालेल, तिथेही."

"पण जुना संगणक मंद..."

"जुना संगणक नको! जुनं लिनक्स तुमच्या मोठ्या संगणकात बसवा!"

"कंटेनरमध्ये (संगणकाच्या आत थाटलेला वेगळा संसार)... बसतं की!" आजोबांनी डोकं खाजवलं. "आणि मी महिनाभर नव्या संगणकाची फुशारकी मारतोय."

"ऐकली आहे," ढब्बू म्हणाला. "रोज."

पुन्हा दळण. पुन्हा गाठोडं. केतकी नखं खात उभी.

"बसलं," ढब्बू म्हणाला. हीटर गुणगुणू लागला. थोड्या वेळाने एका माशीने पंख झटकले.

"आता हेच पॅकेज मंगळावरच्या मळ्यांनाही पाठवतो!" आजोबा उठले.

"आधी त्यांचं लिनक्स किती जुनं आहे ते विचारा," केतकी दमून म्हणाली.

राणीमाशीने त्या दिवशी सकाळीच घातलेली अंडी आता उबेत होती.